काटकसर करा, पण गोळी तोडू नका

पगार लांबू लागला, ओव्हरटाइम बंद झाला किंवा दुकानातली गिऱ्हाइकी रोडावली, की घरोघरी एकच प्रश्न पडतो : कात्री कुठे लावायची? घरभाडे, कर्जाचा हप्ता, मुलांची फी यांना हात लावता येत नाही. तारीख चुकली की लगेच फोन येतो. रक्तदाबाची गोळी मात्र तक्रार करत नाही. ती दिवसाआड घेतली तरी दुसऱ्या दिवशी काही दुखत नाही. त्यामुळे घरातली थोरली माणसे ‘मला आता बरं आहे’ असे म्हणत गुपचूप गोळ्या पुरवून पुरवून घेऊ लागतात.

हा केवळ निष्काळजीपणा नाही. पैशांची चणचण विचार करण्याच्या शक्तीवरही ताण आणते. तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोडणीपूर्वी हात आखडलेला असताना आणि उसाचे पैसे मिळाल्यानंतर, अशा दोन्ही वेळी त्याच शेतकऱ्यांना आकृत्यांची कोडी आणि लक्ष एकाग्र करण्याच्या चाचण्या दिल्या गेल्या. पैसे येण्यापूर्वीची कामगिरी कमी भरली. माणसे तीच, पण डोक्यात सतत देण्याघेण्याचा हिशेब चालू असेल तर बाकीच्या विचाराला जागा कमी उरते. समोरचे बिल दिसते, पुढच्या वर्षीचा आजार दिसत नाही.

आणि धोका नेमका तिथेच असतो. उच्च रक्तदाब बहुधा लक्षणे न दाखवता मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावर परिणाम करत राहतो. काही गोळ्या एकदम बंद केल्यास रक्तदाब उसळतो. इन्सुलिन चुकवणे तर जिवावर बेतू शकते. दम्याचा रोजचा पंप ‘धाप लागत नाही’ म्हणून थांबवला, तर पुढचा झटका रुग्णालयात नेऊ शकतो. महिन्याला वाचलेले दोन-तीनशे रुपये एका दिवसाच्या अतिदक्षता विभागालाही पुरत नाहीत.

मग बचत करायची कुठे? गोळीत नव्हे, गोळीच्या किमतीत. हेच औषध जेनेरिक स्वरूपात चालेल का, असे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. जनऔषधी केंद्रांत अशी औषधे नामांकित ब्रँडपेक्षा साधारण ५० ते ९० टक्के स्वस्त मिळतात. फिट्स किंवा थायरॉइडसारख्या आजारांत कंपनी बदलण्यापूर्वी सल्ला आवश्यक आहे. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार नि:शुल्क आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरचे नाव जुळते का, हे आजारपण येण्याआधीच पाहून ठेवा.

आरोग्य विम्याचा हप्ताही सहज सोडू नका. पॉलिसी खंडित झाली, तर जुन्या आजारांसाठी पूर्ण केलेला प्रतीक्षा काळ वाया जाऊ शकतो. पैसे कमी पडत असतील तर हप्ता मासिक करता येईल का, हे मुदत संपण्यापूर्वी कंपनीला विचारा.

ताटातही हाच नियम. बिस्किटे, फरसाण, शीतपेये आधी कमी करा. डाळ, हरभरे, शेंगदाणे, अंडी राहू द्या.

हे निर्णय ऐन ओढाताणीत घेऊ नका. महिन्याच्या सुरुवातीला, हातात पैसे असताना कागदावर दोन याद्या करा : काहीही झाले तरी चालू राहणारे खर्च आणि थांबवता येणारे खर्च. औषधे पहिल्या यादीत सर्वांत वर असू द्यात. आई-वडिलांना ‘गोळ्या घेता ना?’ एवढेच विचारून थांबू नका. डॉक्टरांची चिठ्ठी हातात घ्या आणि पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजा. महिनाअखेरीस जास्त उरल्या असतील, तर घरातली बचत चुकीच्या जागी सुरू झाली आहे.