ताल, घाम आणि समोरचा वादक

सलग सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत भलत्याच लोकप्रिय होत्या. बंदिस्त सभागृहात स्वार रात्रंदिवस चकरा मारत आणि मधूनमधून बँड वाजे. लिओनार्ड एअर्स या संख्याशास्त्रज्ञाने अशा एका शर्यतीतल्या वेगाच्या नोंदी तपासून १९११ मध्ये त्यावर लेख लिहिला. बँड वाजत असताना स्वारांचा सरासरी वेग ताशी सुमारे ३१.५ किलोमीटर भरला. बँड गप्प असताना २८.८. संगीत आणि शारीरिक श्रम यांच्या नात्याची आकड्यांत झालेली ही फार जुनी नोंद. पुढच्या काळात या विषयावर शेकडो प्रयोग झाले, पण बहुतेकांत संगीत होते ते तबकड्या, कॅसेट नाहीतर हेडफोनमधले. एअर्सच्या स्वारांसमोर मात्र हाडामांसाचे वादक बसले होते.

ताल ऐकून श्रम हलके का वाटतात, याचे उत्तर बरेचसे अवधानात आहे. चालताना किंवा पळताना धाप, मांड्यांतली जळजळ, वाढलेले ठोके असे निरोप मेंदूकडे सतत जात असतात. कानावर गाणे पडत असले की त्यातले काही मागे पडतात. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ‘किती दमल्यासारखे वाटते’ हे मोजण्यासाठी ६ ते २० अंकांची एक पट्टी तयार केली. मध्यम गतीच्या व्यायामात संगीत असेल तर माणसे या पट्टीवर साधारण एक दशांशाने कमी आकडा सांगतात. जिवाच्या आकांताने पळताना मात्र हा उपाय जवळजवळ निकामी ठरतो. शरीराची ओरड तेव्हा कोणत्याही गाण्यापेक्षा मोठी असते. पावले ठेक्याशी जुळवून घेता आली तर आणखी एक फायदा मिळतो. हालचाल एकसारखी होते आणि तेवढ्याच कामाला थोडा कमी प्राणवायू पुरतो. इथिओपियाचा धावपटू हेले गेब्रसेलासी याने १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला २००० मीटरचा इनडोअर विक्रम केला, तेव्हा मैदानात ‘स्कॅटमॅन’ हे गाणे लावले होते आणि त्याने आपली पावले त्याच्या ठेक्यावर टाकली होती.

मग प्रत्यक्ष वाजणारे आणि ध्वनिमुद्रित, यांत फरक पडतो का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात खास या कामासाठी एक सभागृह आहे. तिथे काही श्रोत्यांनी गायकाला समोर गाताना ऐकले, काहींनी त्याच गाण्यांचे मुद्रण ऐकले. कलाकार समोर असलेल्यांची डोकी अधिक जोमाने हलली. त्याच सभागृहात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग याहून गमतीचा आहे. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या मैफलीत, कानाला जाणवणार नाहीत इतके खालचे स्वर काढणारे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले गेले. ते चालू असताना नाचणाऱ्यांची हालचाल सुमारे १२ टक्क्यांनी वाढली, आणि नाचणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता. जड वाद्य जवळ वाजत असले की ते छातीलाही ऐकू येते. खिशातल्या फोनची तेवढी ताकद नाही.

तरी खरा फरक आवाजाच्या ताकदीत नाही. ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याकडे पाहत नाही, वादक पाहतो. व्यायामाच्या जुन्या परंपरांनी हे फार पूर्वी ओळखले होते. इराणच्या झूरखान्यात, म्हणजे तिथल्या तालमीत, मधोमध एक अष्टकोनी हौदा असतो. वर एका चौथऱ्यावर मुर्शिद बसतो. तो ढोलकीसारखे मोठे वाद्य वाजवतो, घंटा देतो आणि फिरदौसी, हाफिज यांच्या रचना गातो. खाली पैलवान लाकडी मुदगल फिरवतात. त्यांची चाल पाहून मुर्शिद लय चढवतो, दम लागला की उतरवतो. तिथे व्यायामाचा मास्तर आणि वादक ही दोन माणसे नाहीतच. युनेस्कोने २०१० मध्ये ही परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. ब्राझीलच्या कपोएरात बेरिंबाऊ या एकतारी वाद्याची चाल बदलली की खेळाचा प्रकारच बदलतो. संथ चालीला जमिनीलगतचा सावध खेळ, जलद चालीला उंच उसळणाऱ्या लाथा. थायलंडच्या मुय थाय सामन्यात सनई, दोन ढोल आणि झांजा रिंगणाशेजारी वाजत असतात आणि फेऱ्या पुढे सरकतात तशी लय चढत जाते.

कोल्हापूर-सांगलीच्या कुस्त्यांच्या फडात हेच काम हलगी करते. चामडे शेकून ताणलेली हलगी मैदानात शिरताच वातावरण बदलते. पैलवान शड्डू ठोकतात, सलामी झडते, आणि पकड रंगली की हलगीवाल्याचे हातही तसे चालतात. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाच्या लढती हलगीविना कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. शास्त्रीय चाचणी कुणी घेवो न घेवो, फडातला अनुभवी माणूस हलगी नसलेली कुस्ती बेचव मानतो, आणि त्याचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही.

लेझीम ही याच घराण्यातली. तालमीत वापरली जाणारी जुनी लेझीम लोखंडी, धनुष्यासारखी आणि जड असे. साखळीत अडकवलेल्या चकत्या खुळखुळत. झूरखान्यातही अगदी अशाच आकाराचे लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे हलवतात. पुढे हलक्या लाकडी दांड्याची लेझीम शाळांत आली आणि महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी ‘लेझीम हुश्शार’ ऐकून पाय जुळवले. ‘चार आवाज’, ‘पवित्रा’ असे हात करताना खेळणारा वाकतो, बसतो, उठतो, उडी घेतो आणि स्वतःचा ठेकाही स्वतःच वाजवतो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. जर्मनीत लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये व्यायामाच्या यंत्रांना अशी जोडणी केली, की यंत्र ओढले-ढकलले तसे संगीत घडत जाईल. नुसते ऐकत व्यायाम करण्यापेक्षा संगीत स्वतः घडवताना लोकांना श्रम कमी वाटले. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या चमूला गाणारे, नाचणारे आणि ढोल वाजवणारे यांची वेदना सोसण्याची क्षमता त्यानंतर वाढलेली आढळली. नुसत्या ऐकणाऱ्यांची तशी वाढली नाही.

व्यायाम सुरू करणे सोपे असते, टिकवणे अवघड. जानेवारीत भरलेली व्यायामशाळा मार्चमध्ये ओस पडते. इथे पुण्याच्या ढोल-ताशा पथकांकडे पाहण्यासारखे आहे. १९७० च्या दशकात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी शाळकरी मुलांची पथके उभी केली आणि पुढे शहरभर त्यांचे पेव फुटले. गणेशोत्सवाच्या दोनेक महिने आधी नदीकाठी आणि मोकळ्या मैदानांत सराव सुरू होतो. दिवसभर संगणकासमोर बसलेली मुले-मुली संध्याकाळी कमरेला ढोल बांधतात. उजव्या हातात टिपरू, डाव्याची थापी. पहिल्या आठवड्यात बोटे सोलवटतात, खांदे भरून येतात. तरी दुसऱ्या दिवशी माणूस येतो, कारण रांगेतली आपली जागा रिकामी दिसेल आणि ताशावाल्याने हात दिला की सगळ्यांबरोबर उचलायचे असते. व्यायामासाठी म्हणून यातले फारसे कुणी येत नाही. दम वाढतो, पाठ बळकट होते, तो जोडलाभ. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांहून अधिक लांबते, तेव्हा दोन महिन्यांच्या या कमाईचा हिशेब लागतो.

आषाढी वारीत टाळ-मृदंगाच्या साथीने दिवसामागून दिवस चालणाऱ्या दिंड्यांचा हेतू वेगळा, भक्तीचा. पण सत्तरीतली माणसे आळंदीहून पंढरपूरपर्यंतची अडीचशेच्या आसपास किलोमीटरची वाट पायी कापतात, त्यात टाळ-मृदंगाचा वाटा नाही असे म्हणता येणार नाही. शहरी धावपटूंसाठी हीच कल्पना १९९८ मध्ये सॅन दिएगोच्या ‘रॉक अँड रोल मॅरेथॉन’ने उचलली. ४२.१९५ किलोमीटरच्या रस्त्यावर ठिकठिकाणी बँड उभे केले गेले आणि तोवर फक्त टीव्हीवर मॅरेथॉन पाहिलेली माणसेही पळायला आली. बँड मागे पडला की पुढच्या बँडपर्यंतचा टप्पा गाठायचा, एवढेच डोक्यात ठेवले की लांब अंतराचे तुकडे होतात.

या आनंदाला दोन अडचणी चिकटलेल्या आहेत. पहिली हंगामाची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते, वर्षभर. पथकाचा सराव दोन महिने ही गरज आरामात भागवतो, मग ढोल माळ्यावर जातात आणि कमावलेला दम काही आठवड्यांत ओसरू लागतो. उरलेल्या महिन्यांत निदान चालणे-पळणे सुरू ठेवणारा वादक पुढच्या पावसाळ्यात ढोल बांधतो तेव्हा त्याची कंबर कमी कुरकुरते.

दुसरी अडचण कानांची, आणि ती जास्त गंभीर आहे, कारण गेलेला दम परत येतो, गेलेली श्रवणशक्ती येत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असे धरतात; पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. रांगेत मध्यभागी उभा असलेला वादक किंवा स्पीकरच्या भिंतीला लागून नाचणारा रसिक ही मर्यादा पहिल्याच आवर्तनांत ओलांडतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट बसवले तर आवाज बराच उतरतो आणि ठेका चुकत नाही, कारण खालचे स्वर हाडांतून आणि छातीतून पोचतच राहतात. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशारा समजावा, आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला गाठावे.