रोजच्या वाहनाचे ब्रेक कसे निवडावेत?



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर इतिहास, तत्त्वज्ञान आणि काव्य यांची चर्चा होत आली आहे. तेथे आम्ही ब्रेकच्या पॅडवर बोलायचे, म्हणजे लग्नाच्या पंगतीत चुलीच्या लाकडांची गोष्ट काढण्यासारखे आहे. परंतु लाकडे ओली निघाली की पंगत खोळंबते, हेही आपण सर्वांनी पाहिलेले आहे. शिवाय आपल्यापैकी बहुतेक जण आज येथे कोणत्या ना कोणत्या वाहनाने आला आहात आणि त्याच वाहनाने घरी जाणार आहात. तेव्हा विषय क्षुल्लक वाटला तरी तो आपल्या सर्वांच्या जिवाशी निगडित आहे.

आपला बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेने दुभंगलेला आहे. बीडहून मांजरसुंब्याकडे निघा की घाट आला. तेलगावहून धारूरला जा, तेथेही घाट. घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते, उतरताना ब्रेकची. इंजिन नापास झाले तर गाडी उभी राहते, एवढेच. ब्रेक नापास झाला तर गाडी उभी राहत नाही!

आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही कळते ते वाचनालयातून आणि गॅरेजच्या दारात बसून कळलेले आहे. ड्रायव्हर मंडळींच्या युनियनचे काम करताना एक प्रकरण आमच्याकडे आले, ते सांगतो. कपिलधारच्या यात्रेहून माणसे घेऊन एक जीप बीडकडे उतरत होती. अर्ध्या घाटात ब्रेकचा वास येऊ लागला, मग पायाखालचे पेडल दगडासारखे घट्ट लागू लागले, पण गाडी काही आवरेना. ड्रायव्हरने गिअर खाली पाडले आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. माणसे वाचली. परंतु मालकाने दुरुस्तीचा खर्च ड्रायव्हरच्या पगारातून कापावयास घेतला. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन काढलेले पॅड पाहिले. पॅड तीन आठवड्यांपूर्वीच बसवलेले होते, स्वस्तातले, नावगाव नसलेले. त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि एकाचा मसाला पत्र्यापासून सुटू लागला होता. पॅड कोणी निवडले? मालकाने. पैसे कोणाचे कापले? ज्याने माणसे वाचवली त्याचे. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो.

प्रथम ब्रेक करतो काय, हे पाहू. ब्रेक वेगाचे उष्णतेत रूपांतर करतो. समजा, माणसांसह दोन हजार किलो वजनाची जीप २०० मीटर उंचीचा घाट उतरली. तिचा वेग वाढू द्यावयाचा नसेल तर सुमारे ३९ लाख ज्यूल एवढी शक्ती कोठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत साधे तेरा लिटर पाणी उकळीला येईल! सपाट रस्त्यावरही हाच हिशेब आहे. मात्र तेथे वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. ताशी ४० वरून थांबणे आणि ताशी ८० वरून थांबणे यांत असा फरक आहे.

ही उष्णता सोसणारे अस्तर शोधण्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८८८ साली जर्मनीत बेर्टा बेंझ या बाईंनी आपल्या पतीने बनवलेली मोटार घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमपर्यंत प्रवास केला. उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेत एका जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. मोटारीच्या ब्रेकचे ते पहिले अस्तर मानले जाते. डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. परंतु त्याची खरी कीर्ती झाली १९५३ साली, जेव्हा फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. ड्रमचा ब्रेक बंद पेटीत असतो. तो तापला की ड्रम फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर जातो. डिस्क म्हणजे उघडी चकती. तिला वारा लागतो आणि तापून ती फुगली तरी पॅडकडेच सरकते. म्हणून आज बहुतेक मोटारींच्या निदान पुढच्या चाकांना डिस्क असते.

आता निवडीकडे येऊ. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. डिस्क मोजपट्टीने नव्हे, मायक्रोमीटरने मोजावी. जाडी त्या आकड्याखाली गेली की ती बदलावयाची. लेथवर तासून पुन्हा वापरावयाची नाही, कारण पातळ चकती उष्णता साठवू शकत नाही. तासायचीच तर तासून झाल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहिली पाहिजे. मधून हवा खेळणारी पोकळ डिस्क असेल तर तिच्या जागी भरीव डिस्क घेऊ नये. भोके पाडलेल्या आणि चरे असलेल्या डिस्क हल्ली तरुण मंडळींना आवडतात. शर्यतीच्या गाडीला त्यांचा उपयोग असेल. रोजच्या रस्त्याला नाही. भोकांच्या कडेला तडे जाण्याचा संभव असतो आणि चऱ्यांमुळे पॅड लवकर झिजतात.

पॅडचा मसाला साधारण तीन मिलिमीटर उरला की पॅड बदलावेत. पॅडचे मुख्य प्रकार तीन : धातूचा अंश अधिक असलेले, सेंद्रिय तंतूंचे आणि सिरॅमिक. धातूचे पॅड उष्णता चांगली सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्क अधिक झिजवतात. सेंद्रिय पॅड मऊ व शांत असतात, पण फार तापले की ढिले पडतात. सिरॅमिक पॅड धूळ कमी करतात, पण महाग पडतात. यांत सर्वांत उत्तम कोणता, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर असे की, आपल्या गाडीच्या उत्पादकाने जो दर्जा ठरवला आहे तोच. कारण पेडलचा जोर, पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी, डिस्कचा आकार हे सारे त्या दर्जाला धरून आखलेले असते. अनेक पॅडवर घर्षणाच्या दर्जाची दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले थंड अवस्थेतील, दुसरे तापल्यानंतरचे. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. घाटात गाडी चालवणाऱ्याने दुसरे अक्षर पाहावे. जुन्या पॅडवरील अक्षरांपेक्षा हलका माल दुकानदार देत असेल तर तो परत करावा. ज्यावर उत्पादकाचे नाव नाही, बॅच क्रमांक नाही, तो माल हातातच घेऊ नये.

बदलताना एका धुरीवरील दोन्ही चाकांचे पॅड आणि दोन्ही डिस्क एकदमच बदलाव्यात, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. नवी डिस्क बसवण्यापूर्वी तिच्यावरील तेल पुसून काढावे आणि हबवरील गंज घासून काढावा. पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर हळुवार ब्रेक मारून दोघांचा संसार जुळू द्यावा. पहिल्याच दिवशी नवे पॅड घेऊन घाट उतरणे हे शहाणपणाचे नव्हे.

पॅडइतकेच ब्रेक ऑइलही महत्त्वाचे. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की त्याची किमान मर्यादा १४० अंशांवर येते. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. आणि डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल करून घाट उतरण्याची जी सवय आहे ती आजपासून सोडावी. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांतच संपते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा मंत्र आजही खरा आहे.

आता गॅरेजमधल्या पोराविषयी. आपण पॅड बदलून घेतो तेव्हा तो हवेच्या नळीने चाकातली धूळ उडवतो आणि तीच धूळ श्वासाबरोबर आत घेतो. जुन्या काळी लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. स्वस्त मालात ते अजूनही असू शकते. त्याच्या तंतूंनी फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि हा रोग कित्येक वर्षांनी उघड होतो. ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आहे. तेव्हा पॅडवर ॲस्बेस्टॉसमुक्त असे छापलेले आहे की नाही हे पाहावे आणि मिस्त्रीला सांगावे की धूळ ओल्या फडक्याने पुसा, उडवू नका. याला पैसा लागत नाही; फक्त दुसऱ्याच्या छातीची आठवण लागते.

शेवटी मालकांविषयी. आम्ही मालकांचे वैरी नाही. एका गाडीचा मालक हाही कर्जाखाली दबलेला कष्टकरीच असतो. परंतु कायदा काय म्हणतो ते ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम सांगते की, वाहनात धोकादायक दोष असताना ते चालवणारा तर दोषी आहेच, पण चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. दोष त्याला ठाऊक असला किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरे. म्हणजे ब्रेक निवडण्याचा अधिकार ज्याचा, जबाबदारीही त्याचीच. आम्ही त्या जीपच्या मालकापुढे हेच कलम आणि तेच गुळगुळीत पॅड ठेवले. कापलेले पैसे त्याने परत केले. त्याहून मोलाची गोष्ट अशी की, पुढच्या वेळी पॅड आणायला तो ड्रायव्हरला बरोबर घेऊन दुकानात गेला.

आपण ड्रायव्हर असा, मालक असा की प्रवासी असा, आमचे मागणे एवढेच आहे. मालकाने पॅडची निवड ड्रायव्हरला विचारून करावी. ड्रायव्हरने पेडल बदलले, वास आला, आवाज आला की तो दोष कागदावर लिहून द्यावा आणि त्याची नक्कल आपल्यापाशी ठेवावी. प्रवाशाने गाडीत बसताना भाड्याची घासाघीस करण्यापूर्वी एकदा विचारावे, "भाऊ, ब्रेक कधी केले?" स्वस्त पॅड घेऊन जे पैसे वाचतात ते काही फेऱ्यांच्या भाड्यात निघून येतात, घाटात गेलेला माणूस मात्र कोणत्याही फेरीत परत येत नाही.