दिवसा बिल, रात्री मोफत जेवण : काय आहे माद्रिदचे ‘रॉबिन हूड’ मॉडेल?

श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटणारा रॉबिन हूड गोष्टींतून आणि सिनेमांतून सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या नावाचे पब इंग्लंडमध्ये ठिकठिकाणी सापडतात. पण नावाबरोबर त्याचा हिशेबही उचलणारे रेस्टॉरंट सुरू झाले ते स्पेनमध्ये.

कोणी सुरू केले?
डिसेंबर 2016 मध्ये माद्रिद शहरात ‘रॉबिन हूड’ उघडले. त्यामागे होते फादर आंखेल गार्सिया आणि त्यांनी 1962 मध्ये स्थापन केलेली ‘मेन्साहेरोस दे ला पास’, म्हणजे ‘शांतीचे दूत’ ही संस्था. 2008 च्या मंदीनंतर स्पेनमधील बेरोजगारी 2013 मध्ये 26 टक्क्यांवर गेली होती. रेस्टॉरंट उघडले तेव्हाही ती 18 टक्क्यांच्या पुढे होती.

ते चालते कसे?
सकाळी नाश्ता आणि दुपारी जेवण, दोन्हीचे पैसे. सुरुवातीला दुपारच्या जेवणाचा दर 11 युरो होता, तेव्हाच्या हिशेबाने साधारण पावणेआठशे रुपये. संध्याकाळी त्याच टेबलांवर सुमारे 100 बेघर लोकांना दोन पाळ्यांत मोफत जेवण.

मग अन्नछत्र का नाही?
अन्नछत्रात पोट भरते, पण ताट हातात घेऊन रांगेत उभे राहावे लागते. इथे टेबलावर कापड, काचेचे ग्लास आणि वाढायला वेटर. दुपारच्या ग्राहकाला जो मान मिळतो तोच रात्रीच्या पाहुण्यालाही मिळावा, हा फादर आंखेल यांचा आग्रह होता.

आर्थिक गणित काय?
भट्टी, भांडी हा खर्च एकदाच होतो. भाजी, मांस आणि पगार यांचा खर्च मात्र चालूच राहतो. समजा, मोफत जेवणाचा खर्च माणशी 3 युरो धरला, तर 100 जणांसाठी रोज 300 युरो लागतील. दुपारच्या प्रत्येक बिलातून 3 युरो उरले, तर रोज 100 ग्राहक हवेत. म्हणजे एका मोफत जेवणामागे पैसे देणारा एक ग्राहक. दुपारी टेबले रिकामी राहिली की रात्रीच्या जेवणाचा भार थेट देणग्यांवर येतो. त्यामुळे केवळ सद्भावना पुरत नाही. जेवण चांगले हवे, ग्राहक पुन्हा यायला हवा.

मूळ रॉबिन हूड असाच होता का?
तो खरोखर होऊन गेला, याचा पक्का पुरावा नाही. त्याच्या गाण्यांचा उल्लेख 1377 च्या सुमाराच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या इंग्रजी काव्यात आहे. श्रीमंतांचे लुटून गरिबांना देणारा, ही प्रतिमा मात्र नंतरच्या काळात ठळक झाली. माद्रिदमध्ये लूट कुणाचीच नाही. ग्राहक स्वतःच्या जेवणाचेच पैसे देतो, फक्त नफा मालकाच्या खिशात जात नाही.

भारतात असे काही आहे?
2014 मध्ये दिल्लीत सुरू झालेली ‘रॉबिन हूड आर्मी’ मुंबई-पुण्यातही काम करते. स्वयंसेवक हॉटेलांतील उरलेले अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवतात. संस्था पैशांची देणगी घेत नाही. फरक एवढाच : आर्मीला हॉटेलात काय उरते त्यावर अवलंबून राहावे लागते, माद्रिदमध्ये रात्रीच्या पाहुण्यांसाठी चूल वेगळी पेटते.