जुन्या साच्यातून नवी होडी

फायबरच्या होड्यांचा धंदा स्वतंत्रपणे सुरू करू पाहणाऱ्या कारागिराचे भांडवल प्रथम साच्यात अडकते. नवा साचा करायचा तर आधी लाकडाची पूर्ण होडी घडवा, ती आरशासारखी घासा, मग तिच्यावरून साचा उतरवा. म्हणून एखाद्या शेडमागे पडलेला जुना साचा स्वस्तात मिळाला की तो घेण्याचा मोह होतो. मोह वाईट नाही, घाई वाईट. असा साचा कामास कसा लावावा, ते आम्ही येथे देत आहोत.

दिंडोशीला लागूनच १९७७ साली उभी राहिलेली चित्रनगरी आहे. सेटसाठी फायबरचे पुतळे व खांब करणाऱ्या कारागिराला हे काम परके नाही. रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेले की मार्वे, मढ व वर्सोव्याचे किनारे लागतात. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. गिऱ्हाइकाला होडी ऑगस्टपूर्वी हवी असते आणि दमट हवा या कामाला मारक असते. तेव्हा साच्याची तयारी उन्हाळ्यातच उरकावी.

घेण्यापूर्वी पाहा

साचा सपाट जागी ठेवून पुढच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरी धरा. मापे सारखी नसतील तर साचा पिळला आहे. त्यातून निघणारी होडी सरळ चालणार नाही. असा साचा फुकटही घेऊ नये. नंतर नाण्याने जागोजागी ठोका. बद्द आवाज आला तर आतले थर सुटले आहेत असे समजा. वरचे बारीक तडे व टवके मात्र दुरुस्त होतात.

सफाई व दुरुस्ती

प्रथम कोमट पाणी व साबणाने साचा धुवा. जुना पीव्हीएचा पापुद्रा पाण्यातच विरघळतो. पूर्ण सुकल्यावर जुने मेण सॉल्व्हंटने काढा. फडके वारंवार बदला, नाहीतर मेण नुसते पसरते. पिवळट थर राहिला तर तो रेझिनमधील स्टायरीनचा असतो. तो कटिंग कंपाउंडने घासून काढावा.

तडा वरून लिंपू नये. तो इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात उघडून साच्याच्या जेलकोटने भरावा. हवेमुळे जेलकोट वरून चिकट राहतो, म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद बसवावा. पक्का झाल्यावर ४०० नंबरच्या वॉटर पेपरपासून ६००, ८००, १००० करीत १२०० पर्यंत पाण्याने घासा. मग कंपाउंड लावून बफ मारा.

मेण आणि चाचणी

घासलेला साचा नव्या साच्यासारखाच समजावा. साच्याच्या मेणाचे पाच-सहा हात द्या. प्रत्येक हात पुसून चमकवा व पुढच्या हातापूर्वी तासभर थांबा. गाडीचे सिलिकॉनचे पॉलिश वापरू नका. पहिल्या होडीसाठी मेणावर पीव्हीएचा फवारा मारून तो पूर्ण सुकू द्या.

तरीही लगेच होडी भरू नये. दुरुस्त केलेल्या जागी हातभर तुकडा भरून काढून पाहा. तो सहज सुटला तरच पुढे जा. तुकडा चिकटला तर नुकसान हातभर. होडी चिकटली तर होडीही गेली व साचाही. होडी काढताना लोखंडी पहार नको; लाकडी पाचर व फटीत सोडलेले पाणी पुरते.

जिवाची काळजी

ॲसिटोन झपाट्याने पेट घेतो. जवळ बिडी, स्टोव्ह वा वेल्डिंग नको. हार्डनर म्हणजे एमईकेपी आणि कोबाल्ट कधीही थेट एकत्र करू नयेत. स्फोट होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळावे, हार्डनर नंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा व हातमोजे हवेतच. थेंब गेलाच तर किमान पंधरा मिनिटे पाण्याने डोळा धुऊन डॉक्टर गाठावा. वाफ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून शेड मोकळी ठेवावी. साधा रुमाल बांधून वाफ अडत नाही.

काम संपल्यावर साचा मेण लावून, सपाट टेकू देऊन, उन्हापावसापासून झाकून ठेवावा. नीट सांभाळलेल्या साच्यातून पुढील होड्याही निघतात, आणि या धंद्यात नफा त्या होड्यांचाच असतो.