ट्रॅक्टरच्या टायरॉडचे सांधे घरी कसे बदलावेत

ट्रॅक्टरच्या स्टीअरिंगमध्ये ढिलाई आली असता शेतात ती फारशी जाणवत नाही. नांगराचे तास थोडे वाकडे पडते, इतकेच. परंतु तोच ट्रॅक्टर उसाने भरलेली ट्रॉली घेऊन हमरस्त्याला लागला, की ही ढिलाई चालकाच्या व समोरून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. तिचे एक नेहमीचे कारण म्हणजे टायरॉडच्या टोकांचे झिजलेले बॉल जॉइंट. ते शेतकऱ्यास आपल्या वस्तीवर बदलता येतात. गळिताचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच हे काम उरकून घ्यावे.

टायरॉड हा पुढील चाके वळविणारा दांडा होय. त्याच्या टोकाशी वाटीत बसविलेला पोलादी गोळा असतो व त्यावर रबरी टोपी असते. ही टोपी फाटली म्हणजे चिखलणीचे पाणी व माती आत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गोळा व वाटी दोन्ही झिजतात.

परीक्षा : ट्रॅक्टर सपाट, टणक जागी उभा करून इंजिन बंद करावे, ब्रेक लावावा व मागील चाकांच्या पुढेमागे दगड टेकवावेत. पुढील आस जॅकने उचलून तिच्याखाली भक्कम लाकडी ओंडके ठेवावेत. केवळ जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. पुढील आस मध्यभागी झुलती असते. म्हणून ती कलू नये याकरिता दोन्ही बाजूंस पाचरी माराव्यात. नंतर चाक पुढून व मागून धरून आडवे हलवावे. सांध्यात खडखड किंवा मोकळी हालचाल आढळल्यास तो सांधा बाद समजावा.

काढणे : प्रथम दांड्यावरील चेकनट सैल करावा. सांध्याच्या नटातील स्प्लिट पिन काढून नट उतरवावा. सांध्याची खिळी निमुळती असल्याने घट्ट बसलेली असते. ती ज्या डोळ्यात बसते, त्याच्या एका बाजूस जड हातोडी टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका दिल्यास ती सुटते. आट्यांवर ठोके मारू नयेत. जुना सांधा दांड्यातून फिरवून काढताना किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवावे. काही दांड्यांत एका टोकाचे आटे उलटे असतात, हे ध्यानात असावे.

बसविणे : नवा सांधा तितकेच फेरे देऊन बसवावा. निमुळती खिळी व डोळा कोरड्या फडक्याने पुसावा; तेथे ग्रीस लावू नये. नट आवळल्यावर त्याची खाच पिनेच्या छिद्रासमोर न आल्यास नट आणखी आवळून पुढची खाच जुळवावी. मागे सैल करू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी वापरावी. तिच्या जागी तार किंवा खिळा घालणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय. झिजलेल्या सांध्यास वेल्डिंगही करू नये. तापलेले पोलाद ठिसूळ होऊन भार पडताच तुटू शकते.

चाकांची जुळणी : ट्रॅक्टर खाली उतरवून चाके सरळ करावीत. दोन्ही टायरांच्या पुढील बाजूस, आसाच्या उंचीवर, मध्यभागी खडूची खूण करून अंतर मोजावे. मग ट्रॅक्टर ढकलून चाकांचा अर्धा फेरा करावा व त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजावे. मागील चाकांवर चालणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांत पुढचे अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी असावे लागते. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहून त्याप्रमाणे टायरॉड फिरवावा व चेकनट घट्ट करावा. ही जुळणी चुकल्यास टायर लवकर झिजतात.

सांधे बदलूनही ढिलाई राहिल्यास दोष स्टीअरिंगच्या पेटीत असण्याचा संभव आहे. तेथे, तसेच पॉवर स्टीअरिंगच्या तेलनळ्यांत, घरी हात न घालता जाणत्या मेकॅनिककडे जावे.

पहिल्या दिवसाच्या कामानंतर सर्व नट व पिना पुन्हा तपासाव्यात. सांध्यास ग्रीसचे निपल असल्यास चिखलणीच्या दिवसांत रोज ग्रीस भरावे.