वाटाड्यावाचून सायकलप्रवास

सुटीच्या दिवशी पहाटे पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडून मुळशी तालुक्यातील कासारसाईच्या धरणाकडे सायकलस्वारांचे जथे निघतात. त्यांतील बहुतेक मंडळी जलाशयाच्या काठी घटकाभर विसावा घेऊन न्याहारीच्या वेळेस घरी परततात. परंतु याच वाटेने पुढे जाऊन सह्याद्री उतरावा आणि थेट समुद्र गाठावा, असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. बरोबर वाटाड्या घ्यावा, की आपले आपण जावे?

इंग्लंडात या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण दुसऱ्या पक्षी देतात. त्या देशाच्या उत्तर भागात पश्चिमेच्या आयरिश समुद्रापासून पूर्वेच्या उत्तर समुद्रापर्यंत जाणारा सुमारे २२५ किलोमीटरांचा सायकलमार्ग १९९४ साली खुला झाला. व्हाइटहेवन बंदरात मागचे चाक समुद्रात बुडवून निघावयाचे आणि टाइनमथ अथवा संडरलंड येथे पुढचे चाक बुडवून थांबावयाचे, असा तेथील रिवाज आहे. सामान्य माणूस तीन ते पाच दिवस घेतो. मुक्कामाची घरे आगाऊ ठरवून देणाऱ्या आणि सामान एका मुक्कामाहून दुसऱ्यास पोचविणाऱ्या पेढ्या आहेत. प्रवाशाच्या हाती नकाशा असतो, रस्त्यावर ठिकठिकाणी पाट्या असतात. सोबत मात्र कोणी नसते.

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका खंड किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, जोडीने नऊ दिवसांच्या आत ओलांडले. पराक्रम मोठाच, पण ती शर्यत होती, आणि मागे मोटारीतून येणारे साहाय्यक पथक हे अशा शर्यतीचे अंगच असते. येथे विचार करावयाचा आहे तो मागे मोटार नसणाऱ्याचा.

वाटाड्याचे काम वाट दाखविणे एवढेच असते, ही समजूत अपुरी आहे. वाट दाखविण्याचे काम पाटी करते, आणि अलीकडे खिशातील फोनही करतो. ‘आज येथेच थांबावे’, ‘हा घाट या पावसात उतरू नये’, ‘या गृहस्थाचे पाय थकले आहेत’ हे ओळखून सांगणे, हे त्याचे खरे काम होय. वाटाड्यास घरी ठेवणाराने हे काम स्वतःच्या शिरावर घेतलेले असते, आणि पुष्कळांना त्याची जाणीव घाटात पोचल्यावर होते. छापील माहितीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. त्याच इंग्लिश मार्गावर हार्टसाइडच्या माथ्यावरील उपाहारगृह सायकलस्वारांच्या चांगल्या परिचयाचे होते. २०१८ साली ते आगीत नष्ट झाले. जुने पुस्तक वाचून तेथील चहाच्या आशेने कोणी ५८० मीटर उंची चढला, तर वर त्यास केवळ वारा मिळेल.

हे हार्टसाइड आणि आपली ताम्हिणी यांत मोठे साम्य आहे. दोन्ही जलविभाजकाची ठिकाणे. हार्टसाइडच्या अलीकडचे पाणी एडन नदीने पश्चिमेस जाते, पलीकडचे टाइन नदीने पूर्वेस. कासारसाईचे पाणीही अखेर भीमेला व कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते. मुळा नदीची वाटही तीच. पण मुळशीस टाटांचे धरण झाले आणि तिचे पाणी बोगद्यातून भिऱ्याच्या वीजगृहाकडे, म्हणजे कोकणात, वळविले गेले. याच धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. तलावाकाठच्या रस्त्याने जाताना या पाण्याखाली गावे आहेत, हे ठाऊक असलेले बरे.

आता दिशेविषयी. दोन्हीकडे डोंगराची पश्चिम बाजू उभी आणि पूर्व बाजू सौम्य. इंग्रज पश्चिमेकडून निघतो, कारण तेथील नेहमीचा वारा पाठीस लागतो आणि उभे चढ आरंभीच्या दिवसांत संपतात. पुण्याकडील माणूस नेमका उलटा जातो : घाट उतरणीचा मिळतो, म्हणून प्रवास सोपा वाटतो. परंतु उतरणीवर ब्रेकची कसोटी लागते. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो. म्हणून तो दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा, आणि मधूनमधून थांबावे. कोकणात उतरल्यावर दुपारी समुद्रावरून येणारा वारा तोंडावर बसतो. तेव्हा तेथील टप्पा सकाळीच उरकावा. परतीचा घाट सायकलीने चढावयाचा, की सायकल वाहनात घालून आणावयाची, हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

मार्ग असा : कासारसाईहून माण, घोटवडे, पौड, मग मुळशीच्या तलावाकाठी पहिला मुक्काम, दुसऱ्या दिवशी ताम्हिणी उतरून विळे, निजामपूर आणि माणगाव, तिसऱ्या दिवशी म्हसळ्यावरून श्रीवर्धन, पेशव्यांच्या भट घराण्याचे मूळ गाव. पावसाळ्यात हा बेत करू नये. घाटात दरडी येतात आणि धुक्यात मोटारवाल्यास सायकल दिसत नाही. हिवाळा उत्तम, फक्त त्याच दिवसांत संत तुकाराम साखर कारखान्याचा गाळप हंगाम असतो आणि कासारसाई-दारुंब्रेच्या बाजूस उसाने भरलेल्या गाड्या रस्ता अडवितात. त्यांच्या डावीकडून घुसण्याचा मोह टाळावा.

त्याआधी एक परीक्षा अवश्य करावी. प्रवासात न्यावयाचे सर्व सामान, म्हणजे कपडे, पाणी, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि जादा ट्यूब, सायकलीवर बांधून कासारसाईपर्यंत जाऊन यावे. आणि दुसऱ्या दिवशी तसेच पुन्हा जावे. पहिल्या दिवसाच्या उत्साहावरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगिरावर बसताना जे वाटते, त्यावरून रोजचा टप्पा ठरवावा. निम्मे सामान घरी राहते तेही याच वेळी.

श्रीवर्धनास पोचल्यावर इंग्रजांप्रमाणे पुढचे चाक समुद्रात बुडवावयास हरकत नाही. मात्र खारे पाणी साखळीस व चाकाच्या तारांस लवकर गंज चढविते. त्याच संध्याकाळी विहिरीच्या गोड्या पाण्याने सायकल धुऊन, पुसून, साखळीस तेल द्यावे.