पंख, खवले आणि प्लास्टिक

कोकणातील आपल्या पूर्वजांची ओळख डेव्हिड रहाबी यांस पटली, ती आपल्या स्त्रियांनी माशांच्या राशीतून पंख व खवले असलेले मासे तेवढे वेचून काढले म्हणून, अशी कथा आपल्या समाजात परंपरेने चालत आली आहे. ती पारख आजही आपल्या घरांत चालू आहे. परंतु अमेरिकेच्या किनाऱ्यावरील माशांच्या पोटांत एक असा पदार्थ शिरला आहे, की जो या पारखीत सापडत नाही.

त्याचा शोध तसा जुनाच आहे. वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्थेचे एडवर्ड कार्पेंटर व त्यांचे सहकारी यांनी १९७२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात कळविले, की न्यू इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पाण्यात पॉलिस्टायरिनचे सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाचे गोळे तरंगत आहेत. तपासलेल्या माशांच्या १४ जातींपैकी ८ जातींनी ते गिळले होते, आणि गोळ्यांवर पीसीबी ही विषारी रसायने चिकटलेली होती. ‘मायक्रोप्लास्टिक’ हा शब्द रूढ झाला तो मात्र २००४ नंतर. आज ५ मिलिमीटरहून लहान कणांस तो लावतात.

लाकूड पाण्यात कुजून नाहीसे होते. प्लास्टिकचे नुसते तुकडे होत जातात. सूर्याचे अतिनील किरण व प्राणवायू यांच्या योगाने त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात. ते पिवळे पडते, ठिसूळ होते, त्यास भेगा जातात, आणि लाटा व वाळू त्याचा चुरा करतात. अशा जुन्या, खडबडीत कणांवर सूक्ष्मजीवांचा थर बसतो व जो कण तरंगत होता तो जड होऊन बुडू लागतो. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे उपसागरात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पृष्ठभागापेक्षा २०० ते ६०० मीटर खोलीवर कण अधिक आढळले. तेव्हा वरचे पाणी स्वच्छ दिसते एवढ्यावरून समाधान मानता येत नाही.

हे कण येतात कोठून? सॅन फ्रान्सिस्को उपसागरात केवळ पावसाच्या पाण्याबरोबर वर्षाला सुमारे ७ लाख कोटी कण वाहून जात असावेत, असा अंदाज २०१९ मध्येच करण्यात आला. त्यांतील जवळजवळ निम्मे कण मोटारींच्या टायरांच्या रबरासारखे होते. टायरांतील एका रसायनापासून बनणारे द्रव्य वॉशिंग्टन राज्यातील ओढ्यांतील कोहो सामन माशांचे प्राण घेते, हे २०२० साली सिद्ध झाले. प्रसाधनांतील प्लास्टिकमण्यांवर बंदी घालणारा कायदा २०१५ मध्ये झाला खरा. परंतु टायर आणि पॉलिएस्टरचे कपडे त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. मुंबईहून हौसेने आणलेली पॉलिएस्टरची साडीही धुण्याच्या यंत्रात तंतू सोडतेच.

मग मासे वर्ज्य करावेत काय? आम्हांस तसे वाटत नाही. मनुष्याच्या प्रकृतीवर होणाऱ्या परिणामांविषयी शास्त्रज्ञांचे अद्याप एकमत नाही. पाणी गाळून खाणारे कालव व शिंपले आपल्या ताटात येतच नाहीत. मोठा मासा आपण पोट साफ करून शिजवितो, त्यामुळे आतड्यांतील कण तरी टाकले जातात. आतड्यांसकट खाल्ल्या जाणाऱ्या बारीक मासळीच्या बाबतीत मात्र ही सोय नाही.